सायन्स फेस्टिव्हलमध्ये सायकॉलॉजीची व्याख्यानं ठेवायचीत? सारखे विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की फोन सुरू होतात. कॉलेजवाले, वाचनालयवाले, शाळेतले सायन्सचे सर, आणि प्रश्न साधारण तेच ते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. आमचा अनुभव तालुक्याच्या गावातला आहे हे लक्षात ठेवा. ज्यांच्याकडे स्वतःचं एसी सभागृह आणि पगारी टेक्निशियन आहे त्यांनी यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल.

सायन्स फेस्टिव्हलमध्ये सायकॉलॉजी कशाला? ती तर आर्ट्सला असते ना?

हा प्रश्न कमिटीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये येतो आणि बहुतेक वेळा फिजिक्सच्या सरांकडून येतो. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत मानसशास्त्र बीएला असतं म्हणून तसं वाटतं, पण विल्हेल्म वुंटने जर्मनीत लाइपझिगला 1879 मध्ये प्रयोगशाळा काढली तेव्हापासून हे लोक मोजमाप करतायत, रिॲक्शन टाइम, स्मरणशक्ती, डोळ्यांना होणारे भास, सगळं. कमिटीला पटवायचं असेल तर भाषण देऊ नका, मीटिंगमध्येच एक छोटा प्रयोग करून दाखवा (खाली दिलाय, पाच मिनिटं लागतात). त्यानंतर सहसा वाद होत नाही.

खरं कारण वेगळंच आहे. दुर्बीण असेल तर तुम्ही गुरूचे चंद्र दाखवू शकता, नसेल तर फोटोवर भागवावं लागतं. सायकॉलॉजीत प्रयोगाचं सामान प्रेक्षक स्वतःच घेऊन येतात. दोनशे लोक खुर्च्यांत बसलेत म्हणजे दोनशे मेंदू आयते आलेत, फक्त हात वर करून मोजायचंय. इतक्या कमी पैशात लोकांना प्रयोग करायला लावणारा दुसरा विषय आम्हाला तरी सापडला नाही.

तारीख कुठली धरावी?

28 फेब्रुवारी म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन इफेक्टचा शोध 28 फेब्रुवारी 1928 चा, आणि दिन म्हणून तो 1987 पासून साजरा होतो. सगळ्यांना तीच तारीख हवी असते आणि घोळ तिथेच होतो. आदल्या दिवशी, 27 ला मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे गावातला बरा हॉल आणि बरे वक्ते दोन्ही बुक. त्याआधी 19 ला शिवजयंती, मंडपवाला आणि साऊंडवाला तिकडे अडकलेले. वर बोर्डाच्या परीक्षा. 2025 ला बारावी 11 फेब्रुवारीला आणि दहावी 21 फेब्रुवारीला सुरू झाली, त्यामुळे शाळा म्हणजे परीक्षा केंद्र, शिक्षक सुपरव्हिजनला आणि ज्या पोरांसाठी एवढा घाट घालायचा ती पोरं घरात कोंडलेली. 28 ला पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आणि नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला लोकांसाठी दारं उघडी असतात, त्या भागातली शाळेची पोरं बसने तिकडे जातात, हेही धरून चाला.

आमचं मत: सायन्सचं प्रदर्शन 28 लाच करा, सायकॉलॉजीची व्याख्यानमाला मात्र जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घ्या. संध्याकाळी थंडी असते, लोक घरातून निघतात, परीक्षा अजून लांब असते. दुसरा पर्याय 10 ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन, पण त्या दिवशी तुम्हाला हवे असलेले सगळे डॉक्टर दुसऱ्या कुणाच्या तरी स्टेजवर असतात.

वक्ता कोण बोलवायचा? नावापुढे "मानसतज्ज्ञ" लिहिलेलं असलं की झालं का?

नाही झालं. थोडं बारकाईने बघा, कारण इथे भलते लोक बरेच घुसलेत.

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, औषधं देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि ती ऑनलाइन तपासता येते, विचारायला लाजू नका, खरा माणूस नंबर लगेच देतो. कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आणि रिसर्च करणारी पीएचडीची मुलं हा तिसरा गट, आणि सायन्स फेस्टिव्हलसाठी आम्हाला खरं तर हाच गट सगळ्यात आवडतो. डॉक्टर लोक आजारावर छान बोलतात, पण स्मृती, लक्ष, भास, निर्णय कसे घेतो, यातले प्रयोग करून दाखवायची हौस या मंडळींना जास्त असते. समुपदेशकांमध्ये दोन्ही टोकं सापडतात, एमए करून वर्षानुवर्षं काम केलेले आणि वीकेंडचा कोर्स करून बोर्ड लावलेले.

लाइफ कोच, माइंड ट्रेनर, सबकॉन्शस पॉवरवाले, "ब्रह्मांडाला ऑर्डर द्या" वाले, यांना नम्रपणे नको म्हणा. ते हॉल भरवतात यात शंका नाही. पण ते विज्ञान नाही, आणि पुढच्या वर्षी त्यांचा फ्लेक्स तुमच्या फेस्टिव्हलचा फोटो लावून गावभर फिरतो.

ओळखायची एक सोपी युक्ती आहे. फोनवर विचारा, "सर, तुम्ही हॉलमध्ये कुठला प्रयोग करून दाखवाल?" ज्याच्याकडे माल आहे तो लगेच खुलतो, हॉल केवढा, अंधार होतो का, प्रोजेक्टर कसा आहे, असं उलट विचारायला लागतो. ज्याच्याकडे नाही तो म्हणतो, "मी असं मनमोकळं बोलतो, लोकांना खूप आवडतं."

असे लोक आमच्या गावात नाहीत. कुठे शोधू?

जवळच्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाला ईमेल करा, आणि ईमेलनंतर फोन करा, नुसत्या ईमेलवर कुणी हलत नाही. मराठी विज्ञान परिषदेचे विभाग महाराष्ट्रात बऱ्याच गावांत आहेत, 1966 पासूनची संस्था आहे, त्यांच्याकडे वक्त्यांची चांगली ओळख असते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी आहे, जी मुळात आप्पा पेंडसे या मानसशास्त्रातल्याच माणसाने 1962 साली सुरू केली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथली मंडळी मराठीतून बोलण्यात मुरलेली आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, तिथल्या डॉक्टरांना कुणी व्याख्यानाला बोलवतच नाही, बोलवून बघा. गोव्यातल्यांसाठी बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालय, आहे.

मानधन किती द्यायचं? शाल-श्रीफळ चालतं ना?

शाल-श्रीफळ द्या की, पण मानधनाऐवजी नको. वक्त्यांच्या घरी शालींचा ढीग असतो. आकडा तुमच्या खिशाप्रमाणे, पण तो पहिल्याच फोनवर सांगा, "आमच्याकडे इतकेच आहेत, प्रवासखर्च वेगळा". स्पष्ट सांगितलं की बहुतेक लोक हो म्हणतात. "तुमचं काय ते बघू" म्हणणं वाईट. आणि एसटीने येणार असतील तर स्टँडवर माणूस पाठवा, परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते बघून कार्यक्रमाची वेळ ठरवा.

विषय कुठले चालतात?

आमच्याकडे गर्दी खेचणारे: आठवणी खोट्या का असतात, राशीभविष्य आपल्याला पटतं कसं, डोळे आपल्याला फसवतात कसे, अभ्यास केलेला डोक्यात का राहत नाही, झोप, अफवा कशा पसरतात.

न चालणारे: "ताणतणाव व्यवस्थापन", "सकारात्मक विचारांची जादू", "मन करा रे प्रसन्न" छापाचं काहीही. लोकांनी हे बँकेत, पंचायत समितीत, शाळेच्या पालकसभेत, सगळीकडे ऐकलंय, दीर्घ श्वास घ्या, योगा करा, मोबाइल कमी वापरा. सल्ला ऐकून लोक मान डोलावतात आणि चहाच्या टपरीवर पोहोचेपर्यंत विसरतात. तेच "परवा मी स्वतः हात वर केला आणि चूक निघालो" हे माणूस आठवडाभर सांगत फिरतो. व्याख्यानातून लोकांना कसं जगायचं ते सांगायचं नाही, मनाबद्दल आपल्याला जे कळतं ते *कशावरून* कळतं ते दाखवायचं. एवढं वक्त्याच्या डोक्यात शिरलं तर बाकी सगळं जमतं.

तो पाच मिनिटांचा प्रयोग सांगा की.

हा घ्या. लोकांना फोन आणि पेन खाली ठेवायला सांगा (मागच्या रांगेत कुणीतरी गुपचूप लिहून घेतंच, तिकडे लक्ष ठेवा). मग हे शब्द सावकाश वाचा, दोन सेकंदांना एक:

खाट, उशी, पांघरूण, रात्र, जांभई, स्वप्न, घोरणं, गादी, डुलकी, अंगाई, चादर, पेंग, आळस, दुलई, पहाट.

वाचून झालं की लगेच विचारू नका. शंभरातून तीन-तीन वजा करत मागे यायला लावा, अर्धा मिनिट, हॉलमध्ये गोंगाट होतो, होऊ द्या. मग विचारा, "जांभई" शब्द होता का? हात वर. "खुर्ची" होता का? जवळजवळ कुणीच नाही. "झोप" होता का? धडाधड हात वर येतात, आणि वर करणारे अगदी ठाम असतात, काहींना तर वाचणाऱ्याचा आवाजसुद्धा आठवतो. मग यादी पडद्यावर लावा. "झोप" त्यात नाहीच.

मूळ पद्धत जेम्स डीझची, 1959 ची, रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी 1995 मध्ये ती पुन्हा उचलली आणि मग जगभर वापरात आली. इंग्रजी यादीचं सरळ भाषांतर करत बसू नका, मराठीत त्या शब्दाभोवती जे शब्द घुटमळतात तेच घ्या. "दुलई"ऐवजी गावाकडे "वाकळ" किंवा "गोधडी" टाकली की आणखी मजा येते. आणि आधी दहा-पंधरा जणांवर तालीम करा, "झोप" चुकून तोंडातून गेला तर सगळा प्रयोग बोंबलतो.

यानंतर वक्त्याने एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या 1974 च्या प्रयोगाकडे यावं. गाड्यांच्या टकरीची फिल्म सगळ्यांना सारखीच दाखवली, पण प्रश्न विचारताना काहींना गाड्या "धडकल्या" म्हटलं आणि काहींना "आदळून चुरा झाल्या" अशा अर्थाचा शब्द वापरला. आठवड्याने विचारलं, काच फुटलेली दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. "धडकल्या" वाल्यांत 14 टक्के लोकांनी हो म्हटलं, "चुरा" वाल्यांत 32 टक्क्यांनी. इथे हॉलमध्ये एकदम शांतता पसरते, कारण प्रत्येकाला भावकीतलं एखादं भांडण आठवतं, वाटणीच्या वेळी कोण काय म्हणालं होतं ते.

राशीभविष्यावरचं व्याख्यान ठेवलं तर गावात भांडण होईल का?

ठेवायच्या पद्धतीवर आहे. "ज्योतिष थोतांड आहे" असा फ्लेक्स लावलात तर ज्यांनी यायला हवं ते येणार नाहीत आणि ज्यांना आधीच पटलंय तेवढेच येऊन टाळ्या वाजवतील.

त्यापेक्षा फोररचा प्रयोग करा. बर्ट्रम फोररने 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांना एक व्यक्तिमत्त्व चाचणी दिली, नंतर प्रत्येकाला "तुझा खास अहवाल" म्हणून कागद दिला आणि तो किती बरोबर वाटतो याला 5 पैकी मार्क द्यायला सांगितले. सरासरी आली 4.26. कागद सगळ्यांना एकच होता. आम्ही हे असं करतो: नावनोंदणी करताना जन्मतारीख घ्यायची, व्याख्यानाच्या दिवशी नावाचं बंद पाकीट द्यायचं, आत छापलेला अहवाल. मजकूर मराठी माणसाच्या काळजाला भिडेल असा लिहा. म्हणजे, "तुम्ही बाहेरून कडक वाटता पण आतून गोष्टी फार मनाला लावून घेता. जवळच्यांसाठी तुम्ही खूप केलंत, त्याची म्हणावी तशी कदर झाली नाही. पैसा हातात येतो पण टिकत नाही." हे सासूलाही पटतं आणि त्याच रांगेत बसलेल्या सुनेलाही. मार्क देऊन झाले की पाकीट शेजाऱ्याला द्यायला सांगायचं. पहिली चार सेकंद काही नाही, मग हशा सुरू होतो आणि थांबत नाही. कार्यक्रम संपला की जन्मतारखांचा कागद सगळ्यांसमोर फाडा.

मग आपल्या मातीतला प्रयोग सांगा. डॉ. जयंत नारळीकर यांनी सांख्यिकीतज्ज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्या सोबतीने 2008 च्या सुमारास महाराष्ट्रात ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांच्या मिळून 200 पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40, कुठली कुठल्या गटातली ते ओळखायचं. 27 जणांची उत्तरं आली आणि सरासरी निम्म्याहूनही कमी बरोबर, म्हणजे छापा-काटा केला असता तरी तेवढंच. निबंध करंट सायन्समध्ये 2009 ला आला. इथे कुणालाही "मूर्ख" म्हणायची गरज पडत नाही, आकडे पुरेसे असतात. वक्त्याला आधीच बजावून ठेवा, देवाधर्मावर घसरायचं नाही, विषय फक्त "मला पटतं म्हणून ते खरं असतं का" एवढाच.

मिडब्रेन ॲक्टिव्हेशनवाले स्पॉन्सरशिप द्यायला तयार आहेत. घेऊ का?

नको. मेंदू जागा केला की मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधूनही वाचता येतं, असा यांचा दावा असतो. पण ती मुलं नाकाशेजारच्या फटीतून खाली बघतात, म्हणून तर ती पुस्तक नेहमी हनुवटीखाली धरतात. हनुवटीखाली पुठ्ठा आडवा धरा, वाचन बंद.

बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारे डीएमआयटीवालेही तसेच, त्यालाही वैज्ञानिक आधार नाही. हे लोक पैसे चांगले देतात हे खरंय, आणि खजिनदाराला ते दिसतात. पण ते पैसे देतात ते स्टॉलसाठी, म्हणजे तुमच्या विज्ञानाच्या मांडवात उभं राहून पालकांकडून हजारो रुपये गोळा करण्यासाठी. आम्ही त्याऐवजी गावातल्या मेडिकल दुकानदाराकडून, पतसंस्थेकडून आणि एका दूध संकलनवाल्याकडून थोडे थोडे घेतो.

स्टेजवर संमोहनाचा शो ठेवला तर? गर्दी होईल.

होईल. पण गावातल्या माणसाला स्टेजवर कोंबडा करून आरवायला लावायचं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला बाजारात त्यावरून चिडवायचं, हे आपल्याला करायचंय का? संमोहनावर *व्याख्यान* जरूर ठेवा, त्यावर गंभीर संशोधन आहे, वेदना कमी करण्यासाठी ते कसं वापरतात वगैरे. शो नको.

अंगात येणं, भानामती, यावर बोलू शकतो का?

बोला, पण ज्याला त्या कामाचा अनुभव आहे अशाच माणसाला बोलवा, नुसता पुस्तकी नको. प्रेक्षकांत जिच्या अंगात येतं अशी बाई बसलेली असू शकते, तिची सून असू शकते, देवऋषीकडे पैसे घालवलेला माणूस तर नक्कीच असतो. टिंगलीचा सूर लागला की ही माणसं मिटून जातात. ताण, घरात कुणी ऐकून न घेणं, आणि अंगात आल्यावर अचानक सगळ्यांनी ऐकणं, पाया पडणं, हे नीट उलगडून सांगितलं तर बायका कार्यक्रम संपल्यावर थांबून बोलतात. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, दोराने-साखळीने बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे, हेही त्याच व्याख्यानात सांगून टाका, खूप जणांना माहीत नसतं.

आत्महत्येचा विषय घ्यावा का? पालक म्हणतात मुलांच्या डोक्यात नसलेलं भराल.

त्याबद्दल मोकळेपणाने विचारल्याने किंवा बोलल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. घात होतो तो पद्धतीचं वर्णन, सनसनाटी, "बिचाऱ्याने शेवटी सुटका करून घेतली" असली वाक्यं, यांनी. म्हणून वक्त्याशी आधी बोलून ठरवा: कुठल्याही घटनेत कशा प्रकारे केलं ते सांगायचं नाही, चिठ्ठीतला मजकूर वाचायचा नाही, एकच कारण चिकटवायचं नाही ("नापास झाला म्हणून"), गावातली ताजी घटना तर बिलकूल नाही, ते कुटुंब दोन गल्ल्या सोडून राहत असतं. मदत कुठे मिळते आणि त्या टोकावरून परत आलेली माणसं पुढे चांगली जगतायत, यावर भर. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, त्यात कलम 115 आहे, प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा नाही तर उपचार द्यायचे, हे लोकांना सांगा. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न नेणारे लोक आजही आहेत.

आणि हा विषय संध्याकाळचा शेवटचा ठेवू नका. त्यानंतर काहीतरी हलकं हवं, चहा हवा, लोकांना थांबून बोलायला अर्धा तास हवा.

प्रश्नोत्तरांत लोक घरचं काढून बसतात, काय करायचं?

काढणारच. ब्लॅक होलवर व्याख्यान झालं तर "माझ्या मेहुण्याला ब्लॅक होल आहे" असं कुणी म्हणत नाही, इथे मात्र तिसराच प्रश्न "माझा मुलगा रात्री दोनपर्यंत मोबाइल बघतो" असा येतो, आणि तो मुलगा शेजारीच मान खाली घालून बसलेला असतो.

उपाय म्हणजे चिठ्ठ्या. आत येतानाच प्रत्येकाला कागदाचा तुकडा आणि गोल्फ पेन्सिलीसारखी छोटी पेन्सिल द्या (सुताराकडच्या पेन्सिली अर्ध्या कापल्या तरी चालतात), नाव लिहू नका म्हणून सांगा. दोन स्वयंसेवक चिठ्ठ्या गोळा करून वेगळ्या करतात: विषयावरचे प्रश्न एकीकडे, खासगी प्रश्न दुसरीकडे. खासगी प्रश्न माइकवर वाचायचे नाहीत. तसे पाच-सहा एकाच धाटणीचे आले तर वक्ता सर्वसाधारण उत्तर देतो. माइक फिरवण्याचा अजून एक तोटा म्हणजे तो ज्या काकांच्या हातात जातो त्यांचा प्रश्न आठ मिनिटांचा असतो आणि शेवटी प्रश्नच नसतो. शिवाय बायका आणि मुली माइक घेत नाहीत, चिठ्ठ्या मात्र भरभरून देतात, आमच्याकडे चांगले प्रश्न कायम त्यांचेच निघतात.

स्टेजवरून कुणाचं निदान करायचं नाही, हे वक्त्याकडून आधीच कबूल करून घ्या. "तुमच्या वर्णनावरून हे बायपोलर दिसतंय" असं वाक्य माइकवर आलं की ते त्या घराला चिकटतं.

कुणी मध्येच रडायला लागलं, किंवा नंतर येऊन काही गंभीर सांगितलं तर?

याची तयारी नसेल तर कार्यक्रमच करू नका, इतकं हे महत्त्वाचं. हॉलला लागून एक खोली हवी, पंखा, पाणी, दोन-तीन खुर्च्या, दार ओढून घेता येईल असं. त्या संध्याकाळी तिथे बसायला एक अनुभवी समुपदेशक, शक्यतो बाई. वक्ता हे काम करू शकत नाही, त्याच्याभोवती सेल्फीवाल्यांचा घोळका असतो. स्वयंसेवकांनी उपदेश करायचा नाही, "चला, जरा बाहेर बसू" एवढंच.

शेवटच्या स्लाइडवर आणि दारावर ठळक अक्षरात: टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात, सरकारने 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केलंय. लहान मुलांसाठी 1098. सोबत जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीचे वार आणि वेळ, आणि ते आदल्या आठवड्यात फोन करून खात्री केलेले असू द्या.

वक्ता म्हणतो तो प्रयोग खरा आहे का हे आम्ही कसं तपासणार?

सगळं नाही तपासता येणार, पण काही गोष्टींवर कान टवकारा. मेंदूचा फक्त दहा टक्के वापर, डावा मेंदू गणिताचा आणि उजवा कलेचा, प्रत्येक मुलाची "लर्निंग स्टाइल" वेगळी त्यामुळे तसंच शिकवा, हे सगळे गैरसमज आहेत, स्लाइडमध्ये दिसले तर वक्त्याला फोन करा. 1971 चा स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग (विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी केलं होतं) सगळ्यांचा लाडका, पण पहारेकऱ्यांना कडक वागायला आधीच पढवलं होतं हे आता बाहेर आलंय, त्यामुळे तो सांगायचाच असेल तर हेही सांगायला हवं.

2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 प्रयोग वेगवेगळ्या टीमनी पुन्हा करून बघितले. मूळ निबंधांत 97 टक्के प्रयोगांचा निकाल ठोस होता, पुन्हा केल्यावर तसा निकाल 36 टक्क्यांत मिळाला. हे लपवायचं नाही, उलट यावरच एक अख्खं व्याख्यान ठेवा. कॉलेजच्या पोरांना ते जाम आवडतं, आणि फिजिक्सचे सर त्या दिवशी पहिल्या रांगेत येऊन बसतात.

टेक्निकल बाजूला काय काय बिघडतं?

स्ट्रूपचा प्रयोग (निळ्या शाईत "लाल" लिहिलेलं, शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा, 1935 पासून चालत आलाय) जुन्या प्रोजेक्टरवर पार झोपतो, पिवळं पांढरं दिसतं आणि हिरवं-निळं एकच. तो चार्ट फ्लेक्सवर छापून घ्या, पुन्हा पुन्हा वापरता येतो. बऱ्याच रंगांध लोकांना लाल-हिरवं वेगळं करता येत नाही, त्यांना स्टेजवर बोलवून पंचाईत करू नका, आधी सहज विचारा.

मॅकगर्क इफेक्ट दाखवायचा असेल, म्हणजे आवाज "बा", ओठ "गा" आणि लोकांना ऐकू येतं "दा", तर ब्लूटूथ स्पीकर नको, आवाज मागे पडतो. सरळ वायरने मिक्सरला जोडा. मराठी स्लाइड दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडल्या की फॉन्टची खिचडी होते, पीडीएफ मागवा. बाकी एचडीएमआय केबल, एक्स्टेन्शन बोर्ड, माइकचे जादा सेल, हे तुम्हाला माहीतच आहे.

उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार, हे सगळं करायलाच लागतं का?

एकदाच, मालेच्या पहिल्या दिवशी, आणि तेही वीस मिनिटांत. बाकीच्या दिवशी ओळख दोन वाक्यांत. आलेल्या पुढाऱ्याला "दोन शब्द" बोलायला दिलं की चाळीस मिनिटं जातात आणि मागच्या रांगेतली शाळकरी मुलं घरी. आमची सोय अशी की पाहुण्यांनाच पहिल्या प्रयोगात भाग घ्यायला लावतो. आमदारसाहेबांनी "झोप" ला हात वर केला की हॉल आपला.

लहान मुलांना बसू द्यावं का?

भास आणि स्मरणशक्तीच्या विषयांना जरूर, त्यांना पुढे सतरंजीवर बसवा. बाकी विषयांना पोस्टरवरच "सोळा वर्षांवरील" लिहा. मुलांवर कसलीही चाचणी घेऊन त्यांचे मार्क जाहीर करायचे नाहीत, बुद्ध्यांक तर नाहीच नाही.

व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा का?

व्याख्यान टाका, वक्त्याची लेखी परवानगी घेऊन. प्रश्नोत्तरं कापून टाका. कॅमेरा स्टेजकडेच राहील, प्रेक्षकांकडे फिरणार नाही, हे शूटिंगवाल्या मुलाला तीनदा सांगा, त्याला लग्नाची सवय असते, प्रत्येक चेहऱ्यावर झूम करतो.

आम्ही परदेशातलं मराठी मंडळ आहोत, हे आमच्याकडे जमेल?

जमेल, आणि तुमच्याकडे प्रोजेक्टर तरी चांगला असेल. "झोप" ची यादी तिथल्या मराठी शाळेतल्या मुलांवर मात्र नीट चालत नाही, त्यांना "पेंग" आणि "दुलई" माहीत नसतात, त्यांच्यासाठी सोपे शब्द घ्या किंवा सरळ इंग्रजी यादी वापरा. मोठ्यांच्या चिठ्ठ्यांमध्ये भारतात एकट्या असलेल्या आईवडिलांबद्दलचे प्रश्न भरपूर येतील, त्यावर बोलू शकेल असा वक्ता बघा. दारावर लावायचा नंबर मात्र तिथलाच हवा, अमेरिकेत 988, ब्रिटनमध्ये सॅमॅरिटन्सचा 116 123. आपला 14416 तिथे कामाचा नाही, इथलं पोस्टर जसंच्या तसं फॉरवर्ड करून छापू नका.